देवीचे डोळे कुठे आहेत?

इलियन. कृत्तिका मावळल्या त्या पंधरवड्यात.

तेलेसाकडून निकारेता मावशीला. सुखी अस.

मावशी, पोचले. जिवंत आहे. आईला निरोप धाड, नाहीतर ती जेवण सोडून बसेल.

झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्हाला किनाऱ्यावर उतरवलं आणि आपल्या माणसांनी लगेच होडी मागे ओढली. 'जा पळा' एवढंसुद्धा कुणी म्हणालं नाही. झाडीतून इलियनचे ते सोटेवाले, देवळात पोचायच्या आत आम्हाला गाठायला, बाहेर पडले आणि मी जी धूम ठोकली ती थेट देवळाच्या मागच्या दारापर्यंत. फानो माझ्या मागे होती. तीच गं, आपल्या तेलवाल्याची मुलगी, माझ्या जोडीला आलेली. तिचं एक पायताण चिखलात अडकलं, तशी ती 'माझं नवं होतं गं' म्हणून ओरडली. जीव मुठीत धरून पळताना मला हसू फुटलं. नंतर बघितलं तर ते सोटेवाले सगळे पोट सुटलेले म्हातारे. एक तर धाप लागून दगडावर बसला होता. पण तू आली होतीस त्या साली ते खरंच मारायचे का? तुझ्या गुडघ्यावरचा वण तिथलाच ना?

आता केस कापलेत. अंगावर एक कपडा, पाय अनवाणी. सकाळी गाभारा झाडायचा, सडा घालायचा, मान खाली ठेवायची. मान वर केली तर देवी कोपते, हे निघताना देमोखारिस आजोबांनी सगळ्या गावासमोर तीनतीनदा बजावलं. तुलाही त्यांनीच बजावलं असेल.

मला एक सांग. शेकडो वर्षं आपल्या नारिकातून दर साली दोन मुली इथे येतात, कारण इलियन पडलं तेव्हा आपल्या राजाने, आयासने, या देवळात इथल्या राजकन्येवर, कसांड्रावर, हात टाकला. तिने देवीच्या मूर्तीला मिठी मारली होती, तरी त्याने ओढून काढलं, आणि ते बघवेना म्हणून मूर्तीने डोळे छताकडे फिरवले. हे सगळं पाठ आहे. पण कसांड्राचं पुढे काय झालं, ते आपल्याकडे कुणी सांगतच नाही. आयास कसा बुडाला ते पोरासोरांना येतं. तिचं काय झालं?

पत्र लोकरवाल्या कारिओनच्या हाती देते आहे. तो भला माणूस आहे, फक्त बोलतो फार.

ओपूस. कडाक्याची थंडी, दिवस लहान.

निकारेताकडून तेलेसाला. ठीक राहा.

अगं बाई, जीव भांड्यात पडला! तुझ्या आईला मी स्वतः नारिकाला जाऊन सांगितलं. ताई रडली, मग लगेच डोळे पुसून म्हणाली, 'जेवते का विचार.' तेव्हा जेवतेस का ते लिही.

वण तिथलाच. माझ्या वेळी सोटेवाले तरुण होते, आणि एकाने खरंच फेकून मारला. पण त्यात काय एवढं, पळता आलं की झालं. बाकी त्या वर्षाचं मला काय आठवतं म्हणशील तर फरशी. डावीकडून तिसऱ्या दगडाला चीर आहे, त्यात गव्हाच्या दाण्याएवढे खडे अडकतात, ते बोटानेच काढावे लागतात. दाराजवळचा दगड पावसाळी दिवसांत निसरडा होतो. सगळी फरशी मला तोंडपाठ आहे. देवी कशी आहे विचारशील तर ठाऊक नाही! वर्षभर तिच्या घरात राहिले आणि तिचं तोंड पाहिलं नाही. परत आल्यावर वेशीवर देमोखारिसने विचारलं, 'देवीचे डोळे कुठे आहेत?' मी म्हटलं, 'छताकडे.' सगळ्याच म्हणतात. डोळे खाली येतील त्या वर्षी फेड संपली, असं ठरलेलं आहे ना. मग लगेच पुढच्या दोघींची निवड.

तू विचारलंस म्हणून सांगते. कसांड्राला अपोलो देवाने मागणी घातली, तिने नाही म्हटलं. तेव्हा त्याने तिच्या तोंडात थुंकून शाप दिला, की तू खरं बोलशील पण कुणी विश्वास ठेवणार नाही. मग आयास. मग मायसीनीच्या राजाने तिला लुटीत वाटणीला घेतलं, आणि त्याच्या बायकोने त्याच्याबरोबर हिलाही कापलं. झालं. एवढंच.

तुझ्या प्रश्नाने माझ्या डोक्यात भुंगा सोडला आहे. काल मागावर बसल्या बसल्या आठवत होते. झ्यूसने इओला धरलं, तर गाय कोण झाली? इओ. कालिस्तोला फसवलं, अस्वल ती झाली. दाफ्नी अपोलोपासून पळाली, झाड ती झाली. देव सगळे जिथल्या तिथे, धडधाकट! तुझ्या काकांना म्हटलं, अपराध करणारा देव आणि शिक्षा भोगणाराही तोच, अशी एखादी गोष्ट सांगा बघू. ते म्हणाले, 'आज आमटीत मीठ कमी आहे.' हे आयासच्याच घराण्यातले ना. लढाईला उभे राहतात तेव्हा रांगेत आयासच्या भुतासाठी एक जागा रिकामी सोडतात आणि त्याचा केवढा अभिमान! मेल्या माणसाला जागा राखतात आणि घरात मला पाय पसरायला जागा नाही.

मान खाली ठेव. एक वर्ष काय, बघता बघता जाईल.

इलियन. पाकोळ्या आल्या.

तेलेसाकडून मावशीला.

जेवते. जवाची पेज, कांदा, सणाला मासा. आईला सांग, फानो माझ्या वाटणीचंही जेवते आणि वर मलाच खादाड म्हणते.

मावशी, मी वर बघितलं.

ओरडू नकोस, आधी ऐक. गेले आठ-दहा दिवस मी झाडून वळते न वळते तोच फरशीवर विष्ठा. तुझ्या त्या तिसऱ्या दगडाच्या अगदी शेजारी. पुसलं की परत. काल माझं डोकं फिरलं. म्हटलं, आहे तरी कोण हा? आणि मान वर केली. पाकोळीने देवीच्या कोपराच्या खाचेत घरटं बांधलंय. पिल्लं चोची वासून बसलेली. मी त्यांना शिव्या घालणार, तेवढ्यात लक्षात आलं की आपण कुठे बघतोय.

तिचे डोळे छताकडे नाहीत. सरळ आहेत. समोर, दाराकडे. कुणी आत आलं की माणूस बघतं ना, 'कोण गं?' तसे. मी उजवीकडे सरकले, डावीकडे सरकले, अगदी भिंतीला चिकटून बघितलं. सरळ म्हणजे सरळ! आणि राग तर मला कुठे दिसलाच नाही. ओठ मिटलेले, हनुवटी जराशी रुंद, आपल्या शेजारच्या कुंभारणीची असते तशी. मला काहीही झालं नाही. वीज नाही, ताप नाही. आज सकाळी परत बघितलं. उद्याही बघणार आहे.

फानोला सांगितलं तर तिने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि म्हणाली, 'मी काही ऐकलं नाही.' मग बोटं जरा फाकवून विचारते, 'घरट्यात पिल्लं किती?'

मावशी, डोळे खाली कधी आले? कुणाला कळलं कसं नाही?

ओपूस. द्राक्षवेलींची छाटणी.

निकारेताकडून तेलेसाला.

कार्टे! तुझं पत्र वाचलं आणि घाईघाईने पदराखाली लपवलं. कारिओन दारात उभा, काय लिहिलंय म्हणून भोचकपणे विचारतोय. मी म्हटलं, पेज आवडत नाही म्हणते.

तुला ताप आला असेल. उपाशीपोटी वर बघितलं की माणसाला काहीही दिसतं. आणि समजा खरंच दिसलं, तरी तोंडाला कुलूप लाव. वर बघणारीला काय शिक्षा आहे ती तुला सांगितली नाही का त्या म्हाताऱ्याने? तिला परत तिथेच धाडतात. वर्षासाठी नाही, मरेपर्यंत. माझ्या आधीच्या एका मुलीबद्दल असं कुजबुजत बोलायचे. तिचं नावही आता कुणी घेत नाही. तेव्हा मुकाट्याने वर्ष काढ, वेशीवर 'छताकडे' म्हण आणि घरी ये. केस वाढले की तुझ्यासाठी स्थळ बघू. एक आहे माझ्या नजरेत, कान मोठे आहेत पण माणूस शांत.

तुझी धाकटी मेलिता मजेत आहे. दाढ पडली. तुझी आठवण काढते. उंच झाली आहे. बाकी तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

डोळे कोणत्या रंगाचे आहेत? रंगवलेले की दगड बसवलेले? आणि हातात काय आहे, भालाच ना? मी वर्षभर भाल्याचं टोक कुठेतरी वर असेल म्हणून डोकं वाचवत झाडत होते. हे वाचून पत्र जाळून टाक.

इलियन. गव्हाची कापणी.

तेलेसाकडून मावशीला.

करडे. दगड बसवलेले. एका हातात भाला आणि दुसऱ्या हातात चाती. हो, सूत कातायची चाती! तुझ्याआमच्यासारखी. माझाही विश्वास बसला नव्हता.

ताप नव्हता, मावशी. मी बित्तोला विचारलं. बित्तो म्हणजे इथली दिवे लावणारी म्हातारी. बोळकं तोंड, पण आवाज खणखणीत. विचारायला मला महिना लागला. धाबं दणाणलं होतं, ही जाऊन सांगेल म्हणून. तर ती म्हणते, 'सरळ नाहीतर काय वाकडे असणार? ही नवी मूर्ती. जुनी माझ्या आजीच्या वेळच्या आगीत गेली.'

मी म्हटलं, 'आणि आमच्या लोकांना सांगितलं नाहीत?'

'कुणाला सांगायचं? तुमचे बाप्ये पोरी वाळूत टाकून होडी वळवतात. आत येऊन कुणी विचारलंय का कधी, देवी कशी आहे, पोरी कशा आहेत?'

'आम्हाला तरी सांगायचंत!'

'तुम्ही मान वर करत नाही. मला वाटायचं, तुमच्याकडच्या पोरी लाजाळू.'

मी हसावं की रडावं? विचारलं, इलियनच्या लोकांचा अजून आमच्यावर राग आहे का? बित्तो म्हणाली, 'माझा कशाला असेल? झाडता छान. ते सोटेवाले तुमच्यामागे पळतात कारण त्या दिवशी त्यांना देवळातून बकऱ्याचं जेवण मिळतं.'

मग तिने मला कसांड्राची जागा दाखवली. मूर्तीच्या उजव्या अंगाला, खांबाआड. फरशी तिथे जराशी खोल झाली आहे. इथल्या बायका येऊन तिथे बसतात. घरात जिचं कुणी ऐकत नाही ती येते, बसते, जे झालं ते मोठ्याने सांगते आणि जाते. बित्तो म्हणते, इथे सांगितलेलं खोटं मानायचं नाही अशी रीत आहे. परवा एक आली होती, तिचा दीर... जाऊ दे, ते तिचं तिथेच राहू दे. मी खांबाच्या या बाजूला सडा घालत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मला इतका राग आला आहे ना, मावशी! आयासवर तर आहेच. पण तो मेला. जे जिवंत आहेत त्यांनी एकदा आत येऊन बघू नये?

आता तू मला खरं सांग. मेलिताबद्दल लिहिण्यासारखं काही नाही असं तू लिहिलंस. तू तर तिच्या शिंकेबद्दलही लिहितेस. ती या साली बाराची होते, हो ना? तिच्या नावाची खापरी या वेळी निवडीच्या मडक्यात पडणार का?

ओपूस. उन्हाळा, विहिरी तळाला.

निकारेताकडून तेलेसाला.

हो. पडणार.

तुला तिथे घोर नको म्हणून लिहिलं नव्हतं. या साली नारिकात बाराच्या पुढच्या, लग्न न झालेल्या मुली फार थोड्या आहेत. आजाराने गेल्या काही, काही घाईघाईने उजवल्या. ताई रोज भाजताना एक पोळी करपवते. मेलिताला कळलं आहे. परवा मला म्हणाली, 'मावशी, मला पळता येतं, पण सोटा लागला तर दुखेल का?' मी तिची वेणी घालायला घेतली.

तरी सांगते, बोलू नकोस. नीट विचार कर. गेली तर मेलिता एका वर्षासाठी जाईल. तू बोललीस तर तू कायमची जाशील, आणि तुझ्यावर विश्वास ठेवणार कोण? देमोखारिस? तो आयासच्याच घराण्यातला, आणि त्या घराण्याला या मुलींच्या बदल्यात काय काय मिळतं ठाऊक आहे ना? कर माफ, पंगतीत पहिला मान. त्याला देवीचे डोळे खाली यायला नको आहेत. तेव्हा बोलू नकोस.

— हे वर लिहून पत्र तीन दिवस तसंच पडू दिलं. कारिओन दोनदा येऊन गेला. आज पुढे लिहिते. चाती म्हणालीस ना, ते डोक्यातून जात नाही. जिच्या भाल्याला मी वर्षभर घाबरले, तिच्या दुसऱ्या हातात चाती होती. एकदा बघितलं असतं तर मी आनंदाने झाडलं असतं गं.

बोल की गप्प राहा, हे मी आता सांगणार नाही. तुझं तू ठरव. मला थोडी लोकर आणायला नारिकाला जायचं आहे. बाकी भेटीअंती.

नारिका. द्राक्षं तुडवून झाली.

तेलेसाकडून मावशीला. लवकर ये!

लोकर आणायला गेली होतीस म्हणे. एक मूठभर लोकर घ्यायला आख्ख्या गावाच्या चुलीपाशी बसावं लागतं का? बायकांना काय सांगत फिरलीस ते सगळं आईने सांगितलं, पण उशिरा. वेशीवर मी उभी होते तेव्हा मला काडीचाही पत्ता नव्हता, आणि फानोने मागून माझा कपडा घट्ट धरून ठेवला होता.

सगळं गाव जमलेलं. देमोखारिस आजोबा पांढऱ्या वस्त्रात. शेजारी मडकं. त्यांनी विचारलं, 'देवीचे डोळे कुठे आहेत?'

मी म्हटलं, 'समोर. दाराकडे. सरळ.'

कुणाला काही ऐकू आलंच नाही जणू. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं, मोठ्याने. वर हेही सांगितलं की जुनी मूर्ती जळाली, नवीला कधीच छताकडे बघायला लावलं नव्हतं, तिच्या हातात चाती आहे, आणि इलियनमध्ये आपल्यावर कुणाचा राग नाही. आता काय गलका झाला म्हणून सांगू!

म्हातारा मात्र हुशार. काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि मला गोड आवाजात विचारलं, 'बाळ, तू मान वर केलीस?'

'केली.'

'म्हणजे तू अपराधी. अपराध्याची साक्ष धरत नाहीत.'

'आणि मान वर केली नसती तर?'

'तर तुला दिसलंच नसतं. मग साक्ष कसली?'

मावशी, मला तेव्हा त्या खांबाआडच्या बायका आठवल्या. खरं बोलायचं आणि बघत राहायचं, एकेक तोंड कसं दुसरीकडे वळतं ते. काय वाटत असेल कसांड्राला, हे मी वर्षभर विचारत होते. कळलं.

त्यांनी फानोला पुढे बोलावलं. 'तू काय पाहिलंस?' मला वाटलं, ही आता डोळे झाकणार. फानो एक पाऊल पुढे सरकली. म्हणाली, 'मी काही बघितलं नाही, मला भीती वाटते. पण ही खोटं बोलत नाही. हावरट आहे, खोटारडी नाही.' माझ्या आयुष्यात कुणी माझी एवढी स्तुती केली नव्हती.

देमोखारिसने निकाल दिला. तेलेसाने परत इलियनला जायचं, कायमचं. नियमाने जहाज दोघींना घेऊनच सुटतं, तेव्हा जोडीला एक मुलगी आत्ता निवडायची. मेलिता आईच्या पदराआड उभी होती. मी तिच्याकडे बघूच शकले नाही. हे सगळं मी तिच्यासाठी केलं आणि आता तिला माझ्याच जोडीने धाडतील, एवढंच मनात येत होतं.

रीत तुला माहीतच आहे. लग्न होईपर्यंत मुलगी आईची, म्हणून तिची खापरी आईनेच मडक्यात टाकायची, पुरुषाचा हात लागला तर निवड बाद. हाक झाली. पहिली आपली आई. तू ओळखतेस तिला, ढग गडगडला तरी 'चूप, चूप' करणारी. ती मडक्यापाशी गेली. मूठ मडक्यावर धरली. आणि उघडलीच नाही! तशीच वळली, मेलिताचा हात धरला आणि जागेवर जाऊन उभी राहिली. तिच्या मागून कुंभारीण गेली. तीही तशीच. मग तिसरी, मग पुढची. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. एकेक बाई जायची, मूठ धरायची आणि परत यायची. देमोखारिसने मडकं हलवून बघितलं. मग आत वाकून बघितलं. त्यांचं तोंड बघायला तू हवी होतीस.

ते ओरडले, 'टाका खापऱ्या!' कुंभारीण म्हणाली, 'टाका की तुम्हीच.'

तेव्हापासून जहाज खाडीत उभं आहे. मला एकटीला नेता येत नाही आणि दुसरी मिळत नाही. वडीलमंडळी रोज बसतात, रोज भांडतात. कुणीतरी म्हणालं, दोन माणसं इलियनला पाठवून मूर्ती बघून तरी येऊ या. अखेर हे सुचलं त्यांना! बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण काल माझ्या पानात अंजीर जास्त वाढलं होतं. पुढे काय होईल ठाऊक नाही. भीती वाटते, नाही असं नाही.

आईने घरी आल्यावर मूठ उघडली तर तळव्यात खापरीच्या कडेने रक्त आलेलं. ती खापरी कुठे ठेवायची तिला सुचेना. देव्हाऱ्यात ठेवावी तर पाप, फेकावी तर भीती. शेवटी मेलितानेच उचलली. आत्ता मी लिहिते आहे आणि बाहेर गल्लीत नुसता धुरळा उडतो आहे. मातीत घरं आखली आहेत आणि गावातल्या सगळ्या पोरी आपापल्या नावाच्या खापऱ्या घेऊन ठिकरी खेळताहेत. मेलिता एका पायावर उड्या मारत सगळ्यांत पुढे गेली आहे आणि भांडते आहे, तिचा पाय रेघेवर पडलाच नव्हता म्हणून.